प्रश्न तुमचे: ‘मित्राची गोष्ट’ आज सांगलीत करायची तर

या महिन्यातली बरीचशी पत्रं एकाच नाटकाभोवती फिरतायत, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, राग मानू नका. स्पर्धेचा सीझन तोंडावर आलाय, ग्रुपवाल्यांची संहितेची शोधाशोध चालूय आणि दोन-तीन ठिकाणी विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ वाचलं जातंय असं दिसतंय. मला याचा फार आनंद झाला. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काळ स्वातंत्र्याच्या आधीचा, कॉलेजातली पोरं. बापू नावाचा लाजाळू, स्वतःबद्दल अजिबात खात्री नसलेला मुलगा ही गोष्ट सांगतो. त्याची मैत्रीण सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, हुशार, बिनधास्त. तिला मुलांबद्दल ओढ वाटत नाही, कॉलेजच्या नाटकात ती पुरुषाचं काम करते आणि समोर असलेल्या नमावर तिचं प्रेम बसतं. नमाचं आधीच मन्या दळवीशी जमलेलं असतं. असा हा त्रिकोण, आणि बापू बाजूला उभा, मित्रावर जीव असलेला, तिचं गुपित सांभाळणारा. नाटक रंगमंचावर आलं 1981 साली, विनय आपटे यांचं दिग्दर्शन, मित्राच्या कामात रोहिणी हट्टंगडी. आता पत्रं.

ताई, आम्ही हौशी राज्य नाट्य स्पर्धेला सांगली केंद्रावर हे नाटक करायचं ठरवलंय. मी पहिल्यांदाच दिग्दर्शन करतोय. अडचण अशी की मित्रा आणि नमाचा सीन आला की मागं बसलेली आमचीच पोरं फिदीफिदी हसतात. नमा करणारी मुलगी म्हणते हात धरणार नाही. ग्रुपमधले सीनियर म्हणतात मित्राला जरा पुरुषी दाखव, चाल, आवाज, शर्ट-पँट, म्हणजे पब्लिकला लगेच कळेल. काय करू? (एक दिग्दर्शक, विश्रामबाग, सांगली)

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा बरं वाटलं की तुला ही अडचण वाटतेय, कित्येक ठिकाणी ती अडचण आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही आणि नाटक हसण्यावारी जातं.

सीनियर लोकांचा सल्ला अजिबात ऐकू नकोस, त्यांचा मान राखून पण ठामपणे नाही म्हण. मित्राला चालीवरून ओळखता आलं तर नाटकच संपलं की रे. तिच्याबद्दल कुणाला काही कळत नाही, बापूसारख्या सतत बरोबर असणाऱ्याला सुद्धा ती स्वतः सांगेपर्यंत कळत नाही, त्याच्यावर सगळा डोलारा उभाय. आणि दुसरं म्हणजे ती पुरुष होण्याचा प्रयत्न करत नाहीये, तिला नमा आवडते इतकंच आहे. तुझी मित्रा चारचौघींसारखी पातळ नेसून, वेणी घालून आली आणि तरी प्रेक्षकांना दुसऱ्या अंकात तिच्या मनातलं समजलं तर तू जिंकलास. मुद्दाम काही दाखवायचंच असेल तर सैलपणा दाखव, त्या काळातल्या बाकीच्या मुली पोरांसमोर अंग चोरून बसतात आणि मित्रा बसत नाही, कारण तिच्या मनात पोरांबद्दल तसलं काही येतच नाही. तेवढं पुरे.

आता लपवणं कसं करायचं हा खरा प्रश्न. माझं मत सांगते, बाकीच्यांचं वेगळं असेल. या नाटकात प्रेम करायला सोपंय, लपवणं करायला अवघडाय, आणि तालमीचा सगळा वेळ लपवण्यावर घालवावा. लपवणारी व्यक्ती गंभीर चेहरा करून खिडकीतून बाहेर बघत बसत नाही. ती जास्त बोलते, जास्त हसते, विषय निघायच्या आत विषय बदलते, कुणाचं नाव घ्यायचं तर घाईनं घेते किंवा घेतच नाही. एक करून बघ. मित्राला नमाचं नाव ज्या ज्या वाक्यात आहे ती वाक्यं काढायला सांग, आणि त्या नावाच्या आधी ती काय करते ते ठरवायला सांग. एकदा कप उचलेल, एकदा पदर सारखा करेल, एकदा बापूकडं न बघता बोलेल, आणि एकदाच, फक्त एकदाच, ते नाव नीट, सावकाश, तोंडभरून घेईल. कुठल्या वाक्याला हे दोघांनी मिळून ठरवा आणि ग्रुपमध्ये कुणाला सांगू नका. आमच्या तालमीत असं केलं तेव्हा लाइटवाल्या पोरानं तालीम संपल्यावर विचारलं होतं की ताई त्या वाक्याला काय झालं, अंगावर काटा आला. त्याला नाटक माहीत नव्हतं.

दळवीबद्दल पण बोलते, कारण तिथं बरेच जण घसरतात आणि त्याला सिनेमातला व्हिलन करतात. दळवी दांडगट आहे, खरंय. पण त्याच्या हातात ताकद कुठून येते ते बघ. मित्रानं नमाला लिहिलेली पत्रं त्याच्या हातात सापडतात आणि त्यांच्या जोरावर तो धमकावतो. आता हीच पत्रं एखाद्या मुलानं नमाला लिहिलेली असती तर? दोन ठोसे, थोडी बोंबाबोंब आणि विषय संपला असता. मित्राच्या पत्रांनी तिचं आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकतं, कारण बाहेरचं सगळं कॉलेज, सगळं गाव त्या दळवीच्या बाजूनं उभंय, त्याला नुसतं पत्र दाखवायचंय. म्हणून दळवी करणाऱ्या मुलाला आवाज चढवू देऊ नकोस. ज्याला माहितीय की गाव आपल्या बाजूनंय तो हळू बोलतो. पत्र हातात घेऊन तो ते वाचत पण नाही, नुसती घडी उलगडतो आणि परत घालतो, मित्राचे डोळे त्या घडीवर, असा मिनिटभर जाऊ दे, स्पर्धेत वेळेचं बंधन असतं मला माहितीय तरी जाऊ दे.

नमा सगळ्यात अवघड. तिला चंचल, दोन्हीकडं खेळणारी पोरगी म्हणून करतात ते मला पटत नाही. तिला मित्राजवळ बरं वाटतं आणि दळवीजवळ सुरक्षित वाटतं, आणि दोन्ही एकदम मिळणार नाही हे तिला मित्राच्या आधी कळलेलंय. तुझ्या नमाला हे सांगून बघ, हात धरायचा प्रश्न कदाचित वेगळ्या जागी जाईल.

पण हात धरायचा नसेल तर धरायचा नाही, हे पहिल्यांदा तिला सगळ्यांसमोर सांगून टाक. जबरदस्तीनं केलेला स्पर्श चौथ्या रांगेपर्यंत दिसतो. काय चालेल काय नाही हे दोघी कलाकारांनी आणि तू बसून ठरवा, ठरलं की रोज तेच, प्रयोगात ऐनवेळी कुणी वाढवायचं नाही. या सीनच्या तालमी थोडे दिवस बंद खोलीत घे, ज्यांचं काम नाही त्यांना चहाला पाठव. हसणाऱ्या पोरांना ओरडू नकोस, ती घाबरलेली असतात, आपल्याला कुणी काही समजेल का याची भीती असते त्यात. त्यांना बापूच्या जागेवर बसवून एकेकाला मित्राचा कबुलीचा सीन वाच म्हणावं, समोरची मुलगी खरं खरं बोलायला लागली की दुसऱ्या पानाला हसू आपोआप थांबतं.

हां, आणि पहिल्या अंकात बापूच्या लाजरेपणावर प्रेक्षक हसतील, ते हसू दाबायचं नाही. तेंडुलकरांनी ते मुद्दाम ठेवलंय. लोक आधी बापूवर प्रेम करू देत, त्याच्या खांद्यावरून मग ते मित्राकडं बघतील.

परवानगी कुणाची लागते? सेन्सॉर लागतं का? (त्याच पत्रात, ताजा कलम)

दोन्ही लागतं. नाटक तेंडुलकरांचं आहे, ते 2008 साली गेले, आणि आपल्याकडं लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे 2068 संपेपर्यंत परवानगीशिवाय प्रयोग करता येणार नाही. ज्यांच्याकडं हक्क आहेत त्यांची लेखी परवानगी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘हो करा’ चालत नाही. आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. जी संहिता पास झालीय तीच म्हणायची, त्यामुळं तुम्ही स्पर्धेच्या वेळेसाठी काटछाट करणार असाल तर ती आधी करा, हक्क असणाऱ्यांना दाखवा, मग अर्ज. शेवटच्या आठवड्यात धावपळ करू नका.

मी मिरजेची, वय 46, घरीच असते. वाचनालयातून हे पुस्तक आणलं, एका बैठकीत वाचलं आणि दोन दिवस जेवण गेलं नाही. मित्रा शेवटी जीव देते. माझी मुलगी कॉलेजला आहे, तिच्या मैत्रिणींपैकी एक अशी आहे, आम्हाला घरात सगळ्यांना माहितीय, येते-जाते, जेवते. ती हे नाटक बघायला येणार म्हणते. मला भीती वाटते. अशा माणसांच्या गोष्टीचा शेवट नेहमी मरणातच का करतात लेखक लोक?

वहिनी, तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला आणि सरळ सांगते, तुमची तक्रार बरोबर आहे. जगभरच्या नाटक-सिनेमात बराच काळ हेच चाललं. अशी व्यक्ती दाखवायची, तिच्याबद्दल हळहळायला लावायचं आणि शेवटी मारून टाकायचं. प्रेक्षक रुमाल काढतात आणि मोकळे होतात, कुणाला काही बदलावं लागत नाही.

तेंडुलकरांच्या बाजूनं एवढंच सांगते की मित्रा प्रेमभंगानं मरत नाही. एकेक माणूस तिच्यापासून लांब जातो, शेवटी ज्याला सगळं ठाऊक आहे तो बापू सुद्धा. शेवटच्या अंकात बापूनं दार उघडं ठेवलं असतं तर, हा प्रश्न घेऊनच प्रेक्षक घरी जातो. गोष्ट बापूच्या तोंडी दिलीय ती याचसाठी असं मला नेहमी वाटत आलंय. आणि नाटक आलं तेव्हा आपल्याकडं समलिंगी संबंधांवर इंग्रजांच्या वेळचं 377 कलम होतं, ते 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं प्रौढांच्या आपसातल्या संमतीच्या संबंधांपुरतं काढलं. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1990 मध्येच काढली होती. नाटक आलं तेव्हा यातला एकही बदल झालेला नव्हता.

आणि नंतरच्या नाटकवाल्यांनी शेवट बदललेत हो. चेतन दातारांचं ‘एक, माधवबाग’ मिळालं तर जरूर बघा, मोना आंबेगावकर एकट्या करायच्या, आईच्या तोंडून गोष्ट, मुलाबद्दल कळल्यावर ती आधी कोसळते आणि मग हळूहळू त्याच्या बाजूला येऊन उभी राहते. तुम्ही वाचताना रडाल पण जेवण जाणार नाही. महेश दत्तानींचं ‘ऑन अ मगी नाइट इन मुंबई’ इंग्रजीत आहे, 1998 चं, त्यात तर त्रिकोण असा की एका मुलाचा जुना प्रियकर त्याच्याच बहिणीशी लग्न करायला निघालाय, तिला यातलं काही माहीत नाही. लपवण्याचा भुर्दंड एकटा लपवणारा भरत नाही, त्या बहिणीला पण भरावा लागणार असतो, हे त्यात फार नीट आलंय.

मुलीच्या मैत्रिणीला अडवू नका. तिला आधी शेवट सांगून टाका, नाटकाची मजा जाईल वगैरे मनात आणू नका. आणि तुम्ही शेजारी बसा. संपल्यावर लगेच घरी सोडू नका, चहाला थांबा, ती बोलली तर बोलली. नाटक करणाऱ्या सगळ्या ग्रुपना माझी विनंती आहे की बाहेरच्या बोर्डावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर लावा, 14416, सरकारी आहे, फुकट आहे, कधीही लावता येतो. पार्किंग आणि मोबाईल बंद ठेवा एवढं लिहितोच आपण, त्याच्याखाली ही एक ओळ.

संपादक, आपल्या मासिकात अलीकडे या विषयांचा भडिमार दिसतो. सांगली ही नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांची, देवल-खाडिलकरांची भूमी. भावे नाट्यमंदिरात असले विषय पाहण्याची वेळ यावी याचे वाईट वाटते. (एक जुने रसिक, गावभाग, सांगली)

काका, नाट्यपंढरीचा अभिमान मलाही आहे, त्यावर आपलं एकमत आहे. म्हणूनच तुम्हाला सविस्तर लिहिते.

1843 साली चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारात ‘सीता स्वयंवर’ झालं ते आपण दरवर्षी 5 नोव्हेंबरला आठवतो. देवल हरिपूरचे. त्यांनी ‘शारदा’ आणलं 1899 ला. विषय कुठला होता? म्हाताऱ्याला पैशासाठी विकली जाणारी पोर. त्या काळात हे घराघरात चालायचं आणि घराघरात लपवलं जायचं. आज ‘शारदा’ची पदं आपण कौतुकानं ऐकतो, पण तेव्हा थेटरात बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरात एक शारदा असणार, त्यांना ते ऐकताना गोड लागलं असेल असं मला वाटत नाही. जे घरात बोलता येत नाही ते रंगमंचावर बोलायचं ही चाल देवलांनीच आपल्याला घालून दिलीय.

आणि मिरजेत 1905 साली बालगंधर्व शकुंतला होऊन पहिल्यांदा उभे राहिले. सगळ्या महाराष्ट्रातल्या बायकांनी पुढं त्यांच्याकडं बघून साडी कशी नेसायची ते ठरवलं. स्त्रीपार्टी नट म्हणजे समलिंगी असं मी म्हणत नाहीये, ते दोन वेगळे विषय आहेत, कृपया गल्लत नको. एवढंच म्हणायचंय की पुरुष कसा असावा, बाई कशी असावी याबद्दल आपल्या इथला प्रेक्षक कधीच इतका अरुंद नव्हता. समोर काय चाललंय ते त्याला सगळं कळत होतं आणि तरी तो प्रेमानं बघत होता.

तुम्ही हे नाटक वाचलंय का हे पत्रातून कळलं नाही. त्यात एकही आचरट प्रसंग नाही. माझी तुम्हाला मनापासून विनंती, प्रयोग लागला की या. मध्यंतरात उठून जावंसं वाटलं तर जा, पण पहिला अंक बघा.

नाव छापू नका. मी तासगाव तालुक्यातला, 27 वर्षांचा, सांगलीत नोकरी आणि एका हौशी ग्रुपमध्ये काम करतो. आमच्याकडं हे नाटक निघालंय आणि मला दळवी दिलाय. ताई मी स्वतः मित्रा आहे. ग्रुपमधल्या एका मित्रावर माझं प्रेम आहे, त्याचंही आहे, कुणाला माहीत नाही. घरच्यांनी मुलगी बघितलीय, चांगली आहे, शिकलेली, माझ्याशी फोनवर बोलते, तिला मी आवडतो. आई म्हणते दिवाळीनंतर साखरपुडा. रोज तालमीत मी ती पत्रं हातात घेऊन मित्राला धमकावतो आणि घरी येऊन झोप लागत नाही. लग्न केलं की हे जाईल का? काम सोडू का?

तुमचं पत्र मी खूपदा वाचलं. तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत.

लग्न केलं की हे जाईल का? नाही. जात नाही. नाटकात मित्रा स्वतःला तपासून बघायला नको त्या वाटेनं जाते आणि मरायला निघते, ते तुम्ही रोज तालमीत ऐकताय. हा आजार नाही त्यामुळं त्याला औषध नाही. कुणी डॉक्टर ‘बरं करतो’ म्हणाला तर तिथून उठा, राष्ट्रीय वैद्यक आयोगानं असे उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलंय. बाबा-बुवांकडं तर जाऊच नका.

आता त्या मुलीचा विचार करू. ती फोनवर बोलते, तिला तुम्ही आवडता. साखरपुडा झाला की हॉल, आहेर, गावातली तोंडं, सगळं तिच्या अंगावर येतं, आणि लग्न झालं की ती आयुष्यभर विचार करत बसते की माझ्यात काय कमी आहे. तिनं काही केलेलं नाही. तुमच्या मित्राचंही बघा, तो तुमच्या लग्नात अक्षता टाकायला उभा राहणार का? तिघांचं नुकसान आहे हो, आणि आत्ता फक्त तुम्हीच ते थांबवू शकता.

थांबवायचं म्हणजे सगळं सांगायचं असं नाही, इथं लोकांचा गोंधळ होतो. लग्नाला नाही म्हणणं आणि स्वतःबद्दल सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत, पहिलं दिवाळीआधी करायचंय, दुसरं तुम्हाला वाटेल तेव्हा, वाटेल त्याला. आईला एवढंच सांगा की मला आत्ता लग्न करायचं नाही, मुलगी चांगली आहे, तिच्यात दोष नाही, निर्णय माझा आहे. रडारड होईल. शपथा घातल्या जातील. मामा-काका येऊन बसतील. तेच वाक्य परत परत बोलायचं, कारणं वाढवत बसायचं नाही, कारण दिलं की लगेच त्याला उपाय निघतो, पगार कमी म्हणालात तर वाढेल म्हणतील, मुलगी नको म्हणालात तर दुसरी आणतील. त्या मुलीला स्वतः फोन करा, मध्यस्थामार्फत नको. माफी मागा आणि नकार स्पष्ट द्या, आशा ठेवू नका.

त्याआधी एका माणसाला तरी खरं सांगून ठेवा, जो घरातल्या गडबडीत तुमच्या बाजूला असेल. तुम्ही बहिणीचा उल्लेख केलाय, दुसऱ्या पानावर, इचलकरंजीला दिलेली, तिला अंदाज असावा असं तुम्हालाच वाटतंय. सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था बरीच वर्षं काम करतेय, तिथल्या लोकांना हे विषय नवे नाहीत, तिथंही जाता येईल. रात्री फार जड झालं तर वर दिलेला 14416 आहेच, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही.

काम सोडायचं का, हे मी तुमच्यावर सोडते पण मत देते. झोप उडत असेल तर दिग्दर्शकाला कारण न सांगता रोल बदलून मागा, हौशी ग्रुपमध्ये हे चालतं, त्यात कमीपणा नाही. आणि करणार असाल तर मला वाटतं तुमच्याइतका खरा दळवी कुणाला जमणार नाही, कारण त्या पत्रांचं वजन तुम्हाला माहितीय. मात्र ते काम करताना तुम्ही त्याच्या बाजूचे आहात असं स्वतःला वाटून घेऊ नका. तालीम संपली की पत्रं प्रॉपर्टीवाल्याच्या हातात द्या, स्वतःच्या बॅगेत ठेवू नका.

दिवाळीला अजून वेळ आहे. या रविवारी इचलकरंजीला जा, बहिणीशी बोला, आणि काय झालं ते मला कळवा. छापणार नाही.